नाव गावात, हजेरी चाकणमध्ये

विधानसभेचं मतदान जवळ आलं की भोसरी-चाकण पट्ट्यात एक वेगळीच लगबग सुरू होते. मोशी, कुरुळी फाटा, चाकणचा तळेगाव चौक, सगळीकडे रात्री उशिरा खासगी बसगाड्या येऊन थांबतात. पुढच्या काचेवर कागद डकवलेला असतो: भूम, परंडा, अहमदपूर, जिंतूर, चाळीसगाव. दुसरी पाळी सुटलेली मुलं अंगावरचा कंपनीचा शर्टही न बदलता, पाठीला सॅक लावून गाडीत चढतात. सकाळी गावात बोटाला शाई लागते आणि रात्रीच्या गाडीने ती पुन्हा पाळीवर हजर होतात. वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस ती जिथे राहतात तिथेही त्याच दिवशी मतदान चालू असतं. तिथल्या यादीत मात्र त्यांचं नाव नसतं.

२० नोव्हेंबर २०२४ ला राज्याच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. पिंपरी मतदारसंघात निम्म्याहून थोड्याच जास्त मतदारांनी मत दिलं, तर शेजारच्या मावळात ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. त्यावरून शहर उदासीन आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान अपुरं वाटतं. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारा कामगार या टक्केवारीत येतच नाही. तो मत द्यायला आला नाही, असं म्हणायलाही त्याचं नाव आधी यादीत हवं.

पुढचा संवाद एका मामा-भाच्याचा आहे. नावं देत नाही, कारण अशी जोडी या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडेल आणि यातलं बोलणंही अनेकांच्या तोंडून ऐकलेलं, मी एकत्र गुंफलेलं आहे. मामा बार्शी तालुक्यातले. आयटीआय करून टेल्कोत लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि आता भोसरीच्या इंद्रायणीनगरमध्ये राहतात. भाचा भूम तालुक्यातला, महाळुंग्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. बायको आणि एका मुलासह खराबवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो.

भाचा : मामा, दर निवडणुकीला तुमचं एकच, नाव इकडं आण. आणून करू काय? तुमच्या भोसरीत महेश लांडगे साठ हजारांच्या पुढं मतांनी आले. चिंचवडला शंकर जगताप लाखाच्या वर. आमच्या खेड-आळंदीत बाबाजी काळे पन्नास हजारांवर. आणि आमच्या भूमच्या परंडा मतदारसंघात निकाल लागला सुमारे पंधराशे मतांनी! आमच्या तीन तालुक्यांतली भोसरी-चाकणला राहणारी पोरं नुसती मोजली तरी त्याहून जास्त भरतील. माझं मत जिथं वजनाचं आहे तिथंच मी देणार.

मामा : पण इथं फरक एवढा का पडतो, याचा विचार केलास का? ज्यांच्याकडं मागण्यासारखं वेगळं काही आहे ती माणसं यादीतच नाहीत. उरले कोण? जमीनवाले, सोसायटीवाले आणि आमच्यासारखे पेन्शनीतले. आमचे प्रश्न आहेतच, पण ते तुझे नाहीत. उमेदवारानं तुझ्या दारात का यावं, सांग.

भाचा : येत नाहीच कुणी. प्रचाराच्या रिक्षा फिरतात, पत्रक मात्र मालकाच्या हातात देतात. आमच्या खोल्यांच्या ओळीकडं वळतसुद्धा नाहीत. गावात तसं नाही. आमच्या घरचे दादा गेले तेव्हा तेराव्याला दोन्ही पक्षांची माणसं बसायला आली होती. पीकविम्याचं अडलं, तर तहसीलात कुणाला फोन लावायचा हे आईला माहीत आहे. आमचं पाच जणांचं घर आहे, पाच मतं आहेत, म्हणून तो फोन उचलला जातो. मी नाव काढलं तर घरातलं एक मत गेलं, आणि उद्या आईचा फोन वाजत राहिला तर?

मामांच्या बाजूने बोलणारे लोक इथे घाईने पुढे जातात, म्हणून मी जरा थांबतो. गावाकडच्या मताला आपण भावनेचं प्रकरण समजतो. प्रत्यक्षात ते व्यवहाराचं आहे. शेत, रेशनकार्ड, आईचं पेन्शन, भावाचा विहिरीचा अर्ज, सगळे कागद तिकडे आहेत. ठेकेदाराकडची नोकरी कधी ‘ब्रेक’वर जाईल याचा भरवसा नसलेला माणूस पाठीमागचं दार उघडं ठेवणारच.

मामा : आमदार तेराव्याला येण्यासाठी निवडून देतात का रे? तो विधानसभेत बसतो, कायदे करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं काय ठरवलं? कारखान्यात दिवसाचं काम नऊवरून बारा तासांपर्यंत नेता येईल आणि ओव्हरटाइमची तीन महिन्यांची मर्यादा ११५ वरून १४४ तास होईल. हा विषय भूमच्या शेताचा आहे की महाळुंग्याच्या शेडचा? ठेका कामगारांचा कायदा १९७० चा. तो वीस कामगारांच्या ठेक्याला लागू व्हायचा, आपल्या राज्यानं ती मर्यादा पन्नासवर नेली. तुझ्या ठेकेदाराकडं माणसं किती?

भाचा : चाळीस-पंचेचाळीस असतील. त्याच्याच भावाच्या नावावर दुसरा ठेका आहे, तिथं आणखी तेवढीच.

मामा : म्हणजे तू त्या कायद्याच्या बाहेर गेलास, आणि ज्या सभागृहानं तुला बाहेर काढलं तिथं या पट्ट्यातून गेलेल्या एकालाही तुझ्या मताची भीती नव्हती.

भाचा : बारा तासांचं मला नवीन नाही मामा. कार्ड पंच होतं आठ तासांचं. वरचे चार तास सुपरवायझरच्या वहीत, तेही सिंगल रेटनं. कायदा बारा म्हणो की नऊ, वही तीच राहणार. तुमच्या वेळी युनियन होती, तुम्ही गेट अडवू शकत होता. आम्ही तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालत नाही.

मामा : युनियन होती म्हणूनच सांगतो. १९८९ ला टेल्कोचे आम्ही हजारो कामगार आमचे नेते राजन नायर यांच्या मागं शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलो. सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे पोलिसांनी वेढा घातला आणि गाड्यांत कोंबून नेलं. पोलीस कुणाचे होते? कंपनीचे नव्हते, राज्य सरकारचे होते. कारखान्यातलं भांडण मुंबईत मंत्रालयात संपवलं गेलं.

भाचा : मग पुढच्या निवडणुकीत कामगारांचा माणूस पाठवलात का विधानसभेत?

मामा : पाचच महिन्यांत, फेब्रुवारी १९९० मध्ये विधानसभेची निवडणूक होती. तेव्हा हा सगळा भाग हवेली मतदारसंघात. आमच्या लाइनवरच्या कित्येकांची नावं सातारा, सांगली, सोलापूरच्या याद्यांत होती. आम्ही गेटवर एक होतो आणि मतपेटीत पन्नास ठिकाणी पांगलेलो. तुझ्या वेळीही तेच चाललंय म्हणून जीव तुटतो.

भाच्याच्या प्रश्नाला याहून खरं उत्तर मला सुचत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली, पुढच्या दशकात बजाज आणि टेल्को आले आणि राज्यभरातली माणसं या माळावर आली. एवढ्या मोठ्या कामगार वस्तीतून विधानसभेवर जाणाऱ्यांची ओळख मात्र गावकी, भावकी आणि जमिनीवरूनच होत राहिली. स्थानिकांना मी त्याचा दोष देत नाही. ज्यांची नावं यादीत होती त्यांनी आपली माणसं निवडली. यात गैर काहीच नाही.

मामा : नाव असलं की काय होतं त्याचं उदाहरण देतो. शास्तीकर. चिखली, रुपीनगर, थेरगाव इकडं लोकांनी अर्धा-एक गुंठा घेऊन घरं बांधली, ती अनधिकृत ठरली आणि मूळ मिळकतकरावर दंडाची टांगती तलवार आली. प्रत्येक निवडणुकीत त्यावर आश्वासनं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात माफीची घोषणा झाली आणि २०२३ मध्ये आदेश निघाला. मधल्या काळात आमदार लक्ष्मण जगताप वारले, चिंचवडची पोटनिवडणूक लागली. मतं होती म्हणून विषय नागपूरला पोचला.

भाचा : खरंय, पोचला. पण कुणाचा? ज्याचं घर होतं त्याचा. मी त्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो तेव्हा. शास्ती माफ झाली, भाडं दोनशेनं वाढलं. मामा, तुमच्या शहरात मत घराला आहे, माणसाला नाही.

मामा : म्हणून तर भाडेकरूनं मत इथं करायला हवं!

भाचा : करायचं कसं तेही सांगा. मालकाला पत्त्याचा कागद मागितला की त्याच्या कपाळावर आठी पडते. लाइट बिल त्याच्या नावावर, एकच मीटर, प्रत्येक खोलीला युनिटप्रमाणे पैसे. करार करत नाही, म्हणतो, कशाला, तू काय जन्मभर राहणार आहेस का? आमच्या सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स मात्र त्यानं पोलीस चौकीत नेऊन दिल्यात. भाडेकरूची माहिती द्यावी लागते ना. म्हणजे मी खराबवाडीत राहतो हे पोलिसांना ठाऊक आहे, मतदार यादीला नाही.

या शेवटच्या वाक्यावर लोकप्रतिनिधींनी आणि निवडणूक कार्यालयाने रात्रभर विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. संशयासाठी ज्याचा पत्ता पक्का धरला जातो, त्याचा हक्काचा विषय निघाला की तोच पत्ता कच्चा ठरतो. कायदा याबाबत भाडेकरूच्या विरोधात नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० आहे. मतदारसंघात नुसतं घर मालकीचं असलं म्हणून कुणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असं ते सांगतं. आणि कुणी तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही, हेही तेच कलम सांगतं. पहिल्या वाक्याचा आधार मामांना आहे, दुसऱ्याचा भाच्याला. प्रश्न एवढाच की सहा-सात वर्षं खोली, संसार आणि मुलाची शाळा इथे असताना त्याला तात्पुरतं किती दिवस म्हणायचं.

मामा : मालक करार करत नाही तर त्याला कायदा दाखव. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. आणि कागद नसला तरी यादीच्या माणसानं प्रत्यक्ष येऊन बघायचं असतं.

भाचा : ते येतात दुपारी अकरा-बाराला. तेव्हा मी लाइनवर असतो. खोलीला कुलूप बघून शेजारी विचारतात, तो म्हणतो, माहीत नाही.

मामा : आणि मतदानाच्या दिवशी कंपनीनं पगारी सुटी दिली?

भाचा : जा म्हणाले, पण बिनपगारी. हजेरीचा बोनसही गेला.

मामा : १३५ ब कलम आहे, १९५१ च्या कायद्यात. रोजंदारीवरच्यालासुद्धा त्या दिवसाचा पगार कापता येत नाही, मग त्याचं नाव दुसऱ्या मतदारसंघात का असेना.

भाचा : नाही दिला तर काय होतं?

मामा : पाचशे रुपयांपर्यंत दंड.

भाचा : आमच्या ठेकेदाराचा दिवसाचा चहा-वडापाव त्याहून जास्त होतो.

मामा : ते सोड. गाडीचे पैसे कुणी भरले? गावाच्या मंडळानं, असं सांगू नकोस मला.

भाचा : ग्रुपवर मेसेज आला होता. गाडी दहा वाजता, जेवणाची सोय भिगवणला. मी विचारलं नाही.

मामा : उमेदवारानं मतदारासाठी गाडी करणं कलम १२३ (५) खाली भ्रष्ट आचरण आहे. त्याच्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. तू म्हणतोस तुझ्या मताला तिकडं वजन आहे. ते वजन गाडीभाड्याच्या हिशोबात कुणीतरी आधीच धरलेलं असतं.

भाचा : एसटीनं गेलो असतो तरी मत तेच दिलं असतं. आणि तुमच्या इथं सोसायट्यांना काय काय मिळतं तेही ऐकतो मी. निवडणूक आली की रंग, पेव्हिंग ब्लॉक, सीसीटीव्ही. माझ्या गाडीभाड्यावरच बोट का?

इथे दोघेही तापले होते आणि दोघांचंही म्हणणं योग्य होतं. भाच्याने मग वेगळा मार्ग सांगितला. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एक नवं यंत्र जाहीर केलं होतं. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांतल्या लोकांना आपापल्या गावच्या उमेदवाराला मत देता येईल, असं ते यंत्र. ते दाखवण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलंही. बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या आणि ते बारगळलं. ते चाकणमध्ये असतं तर ना बस लागली असती, ना बिनपगारी रजा, असं भाचा म्हणाला. मामांना ते पटलं नाही, आणि त्यांचं कारण मला महत्त्वाचं वाटलं.

मामा : त्या यंत्रानं तुझी पायपीट वाचेल. पण तू कायमचा पाहुणा होशील. तळेगाव चौकात तास तास अडकतोस, त्या रस्त्याबद्दल मत देणार परंड्याच्या माणसाला? मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं आमच्या महापालिकेत प्रशासक होता, नगरसेवकच नव्हता. तुमच्या खोल्या ग्रामपंचायतीत. कचरा, पाणी, वाहतूक, एवढ्या कारखान्यांचा भार ग्रामपंचायतींनी कसा ओढायचा? चाकण भागाला वेगळी महापालिका हवी की नको, हे ठरणार मंत्रालयात. त्यात बोलणारा माणूस आमदार. आणि आणखी एक सांगतो, नीट ऐक. २०२७ च्या जनगणनेत तुला कुठं मोजतील?

भाचा : खराबवाडीत. राहतो तिथंच मोजतात ना?

मामा : बरोबर. आत्ताचे मतदारसंघ २००८ मध्ये आखले, २००१ च्या लोकसंख्येवर. तेव्हा पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, २०११ ला सतरा लाखांच्या वर गेली. आज एकट्या चिंचवडला साडेसहा लाखांहून जास्त मतदार आणि याच जिल्ह्यातल्या आंबेगावला तीन लाखांच्या थोडे वर. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुन्हा आखणी व्हायची आहे. मतदारसंघ पाडताना डोकी मोजतात, यादीतली नावं नाही. म्हणजे तुझ्या, तुझ्या बायकोच्या, पोराच्या डोक्यावर या पट्ट्याला जागा वाढून मिळणार, आणि त्या जागेचा आमदार निवडणार तुझा खोलीमालक.

भाचा : आणि तिकडं मी नाही म्हणून परंड्याची जागाच मोठी करणार? दोन-दोन तालुके जास्तीचे जोडणार?

मामा : गेल्या वेळी विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. पोरं ज्या बाजूला गेली तिकडं जागा गेल्या.

भाचा : म्हणजे मी इथं आलो त्याच दिवशी गावाचं एक माप कमी झालं. आता मतही काढून घेतलं तर तिकडं राहिलं काय? म्हातारी माणसं आणि कोरडी विहीर. मामा, तुमचं गणित खरं आहे, पण मला ते आईला समजावता येणार नाही.

मला विचाराल तर मी मामांच्या बाजूचा आहे. माणूस जिथे राबतो, जिथल्या नळाला पाणी येतं की नाही यावर त्याची सकाळ ठरते, तिथल्या प्रतिनिधीवर त्याचा वचक असलाच पाहिजे. पण गावाकडची ओढ सोडून दे, एवढंच सांगून ही बाजू जिंकता येणार नाही. कारखान्याच्या गेटवर पाळी सुटण्याच्या वेळी नावनोंदणी हवी. पोलिसांकडे दिलेला भाडेकरूचा कागद यादीसाठी चालायला हवा. यादीचा माणूस रविवारी खोल्यांवर यायला हवा. पाचशेच्या दंडाला शून्य जोडायला हवं. हे सगळं करायची जबाबदारी भाच्याची नाही. आणि दोन्हीकडे नाव ठेवणं हा मार्ग तर नाहीच. कायद्याने ते चालत नाही. स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत दुबार नावांपुढे दोन तारे लागले, तेव्हा त्या ताऱ्यांखाली किती साधी, दोन घरांची माणसं सापडली असतील, याचा विचार करून वाईट वाटतं.

संवाद तिथे अडला होता. मामांनी शेवटी वेगळंच विचारलं.

मामा : सूनबाईचं नाव कुठल्या यादीत आहे?

भाचा : तिचं माहेरच्या यादीत होतं. लग्नानंतर कमी केलं. आमच्या गावात अर्ज दिला होता, चढला नाही. २०२४ ला ती मत द्यायला आलीच नाही, गाडीत तिच्यासाठी जागाही धरली नव्हती.

मामा : टँकर आला की हंडा घेऊन कोण पळतं?

भाचा : तीच.

मामा : पोराच्या अंगणवाडीत, लसीला?

भाचा : तीच जाते. मला खराबवाडीतली अंगणवाडी कुठं आहे हेही सांगता येणार नाही.

मामा : मग तुझं राहू दे भूमला. तिचा फॉर्म सहा इथं भरू. तिला विचारलंस का कधी?

भाचा : नाही विचारलं. ती नाही म्हणायची नाही. पण पुरावा काय जोडू? गॅस पाच किलोचा, दुकानातून भरून आणतो. बँकेचं पासबुक गावच्या शाखेचं. पुन्हा मालकापाशीच येतो आपण.

मामा : रविवारी मी येतो त्याच्याकडं. त्याचा चुलता माझ्याबरोबर टेल्कोत होता.

भाचा : पहिल्यांदा विचारील, नोंदणीचा खर्च कुणाचा.

मामा : तुझ्या खोलीचा मी देईन. पण त्याला आधीच सांगून ठेव, एका खोलीचा करार करून मी उठणार नाही. त्या ओळीत अठरा खोल्या आहेत. अठराही बायकांना सकाळी दहाला बाहेर बसायला सांग, आणि यादीच्या माणसाला मी सोबत घेऊन येतो.